चांदीची तलवार भारी की जादूची? आणि एकाच तलवारीत दोन्ही असेल तर?

परवा आमचा डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर फासे टाकून, एकेक पात्र होऊन खेळायचा गेम) डाव पाऊण तास ठप्प होता. झालं असं की समोर वेअरवुल्फ (लांडगा होणारा माणूस), आमच्या फायटरच्या हातात +२ फ्लेमिंग लाँगसोर्ड, म्हणजे जादूची, पेटती, सगळ्या पार्टीने पैसे काढून घेतलेली तलवार. वार बसला. फाशावर ४, ताकदीचे ३, जादूचे २, टोटल ९. डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गेम चालवणारा आणि राक्षसांच्या बाजूने खेळणारा) शांतपणे म्हणाला, तलवारीने काही झालं नाही, आगीचे किती आले ते सांग. आगीचे आले ३. पुढच्या टर्नला आमच्या रोगने (हा क्लास आहे, म्हणजे फायटरसारखाच पात्राचा एक प्रकार, आजार नाही, दर वेळी सांगावं लागतं) साधा चांदीचा खंजीर मारला आणि त्याचेही आले ३, सगळेच्या सगळे लागले. १८,३१५ सोन्याच्या नाण्यांच्या तलवारीने तीन आणि २२ नाण्यांच्या खंजिराने पण तीन. फायटरने फासे खाली ठेवले आणि भांडण सुरू झालं.

भांडण योग्यच होतं, कारण हा नियम खरंच गोंधळाचा आहे. २०२३ मध्ये बाल्डर्स गेट ३ हा डी अँड डीवरचा व्हिडिओ गेम आल्यापासून डी अँड डी खेळायला बरेच नवे लोक आलेत, आणि ते आधी एका एडिशनचं वाचतात, मग दुसऱ्या एडिशनच्या टेबलवर बसतात, आणि तिथे चांदी वेगळंच वागते. म्हणून एकदा पहिल्यापासून सांगतो.

शस्त्र वेगळं, अस्त्र वेगळं

आपल्या भाषेत याच्यासाठी शब्द आयतेच आहेत. शस्त्र म्हणजे हातातली वस्तू, लोखंडाची, लाकडाची, कशाचीही. अस्त्र म्हणजे त्यावर मंत्र टाकून जे भारलं जातं ते. साधाच बाण, मंत्र म्हटला की अग्न्यस्त्र. बाणाचं टोक काय धातूचं होतं ते कथेत कोणी विचारत नाही, पण गेममधला राक्षस विचारतो. तो दोन प्रश्न विचारतो: हे कशाचं बनलंय, आणि याच्यावर काय भारलंय. बरेचसे वाद एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला दिल्यामुळे होतात.

आता दोनच शब्द शिकून घ्या. पहिला प्लस. तलवारीवर +१ ते +५ असा आकडा असतो, तो वार लागायच्या फाशातही मिळतो आणि डॅमेजमध्येही. दुसरा डीआर, म्हणजे डॅमेज रिडक्शन, राक्षसाची कातडी किती डॅमेज खाऊन टाकते तो आकडा. डीआर १०/सिल्व्हर याचा अर्थ प्रत्येक वारातले दहा पॉइंट गायब, शस्त्र चांदीचं असेल तर मात्र काहीच गायब नाही. तिरक्या रेघेनंतरचा शब्द ही किल्ली आहे आणि आधीचा आकडा म्हणजे कुलूप किती जड आहे ते. फ्लेमिंग, होली वगैरे जे असतात त्यांना मी नुसतं खास गुण म्हणेन.

आमच्या टेबलवर नक्की काय झालं

आम्ही अजून ३.५ एडिशन खेळतो, २००३ ची. त्यात जन्मजात वेअरवुल्फला डीआर १०/सिल्व्हर असतो, आणि दुसऱ्या वेअरवुल्फने चावून जो झालेला असतो त्याला फक्त ५. आमचा जन्मजात निघाला, नशीब. फायटरचे ९ आले, दहा वजा, शून्य. आग मात्र पूर्ण लागली, कारण डीआर फक्त शस्त्राचा मार अडवतो, आग, थंडी, वीज असल्या ऊर्जा तो अडवत नाही (त्यांच्यासाठी रेझिस्टन्स म्हणून वेगळी भानगड आहे).

थोडं गणित करू, घाबरू नका. त्या तलवारीचा मार म्हणजे आठ बाजूंचा फासा अधिक ५. दहा वजा केले की फाशावर १ ते ५ पर्यंत काहीच नाही, ६ ला एक, ७ ला दोन, ८ ला तीन. सरासरी काढली तर पाऊण पॉइंट. त्यात आगीचे सरासरी साडेतीन, एकूण सव्वाचार. आता हीच लाँगसोर्ड, जादू शून्य, पण चांदी चढवलेली. चांदी मऊ म्हणून डॅमेजमध्ये एक वजा होतो, तेव्हा फासा अधिक २, सरासरी साडेसहा, आणि सगळे लागतात. चांदी चढवायचा खर्च एका हाताच्या शस्त्राला ९० नाणी, आणि त्या +२ फ्लेमिंगच्या नुसत्या जादूचा १८,०००.

आणि दोन्ही एकत्र केलं तर? चांदीची +२ फ्लेमिंग: फासा अधिक ४, सरासरी साडेआठ, वर आगीचे साडेतीन, बारा. म्हणजे जादू चांदीला मारत नाही आणि चांदी जादूला मारत नाही, दोघी एकाच पात्यावर सुखाने नांदतात आणि दोघींचा हिशोब वेगवेगळा लागतो. आमच्या फायटरने १८,००० घालताना अजून ९० घातले असते तर जवळजवळ तिप्पट मार बसला असता. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते जाऊ द्या.

पण जादू म्हणजे चांदीपेक्षा वरची पायरी ना?

हा सगळ्यात नेहमीचा आक्षेप आहे आणि तो हवेतून आलेला नाही. २००० च्या तिसऱ्या एडिशनमध्ये मोठ्या राक्षसांच्या पुढे /+२, /+३ असंच लिहिलेलं असायचं, म्हणजे शिडीच होती, जेवढा प्लस मोठा तेवढं जास्त उघडतं. ३.५ ने ती शिडी मोडली आणि किल्ल्यांचा जुडगा दिला: मॅजिक, सिल्व्हर, कोल्ड आयर्न (खास लोखंड, पुढे सांगतो), ॲडमँटीन (गेममधला एक अतिकठीण धातू), गुड (सज्जनांच्या बाजूने भारलेलं शस्त्र), वगैरे. मॅजिकची किल्ली फक्त मॅजिकच्या कुलपाला. +५ चं पातं असलं तरी ते चांदी होत नाही.

आणि काही कुलपांना दोन किल्ल्या लागतात, इथे शब्द नीट वाचा. व्हॅम्पायर बघा: डीआर १०/सिल्व्हर अँड मॅजिक. दोन्ही पाहिजे, पासवर्ड पण आणि ओटीपी पण, एक असून उपयोग नाही. वेअरवुल्फवर चाललेला तो २२ नाण्यांचा खंजीर इथे निकामी, कारण त्यात जादू नाही. मोठ्या राक्षसांपैकी बॅलॉरला १५/कोल्ड आयर्न अँड गुड, पिट फीन्डला १५/गुड अँड सिल्व्हर. याउलट इम्प असतो छोटासा, त्याला ५/गुड ऑर सिल्व्हर, तिथे कुठलीही एक चालते. अँड आणि ऑर हा एवढासा फरक न वाचल्यामुळे पूर्ण पार्टी मेलेली मी पाहिली आहे (डीएम मीच होतो, आणि चूक वाचणाऱ्याची म्हणजे माझीच होती).

हिरण्यकशिपूचा वर आठवा. अस्त्राने नको, शस्त्राने नको, घरात नको, बाहेर नको. तिरक्या रेघेनंतर काहीच लिहिलेलं नाही असं समजून तो निवांत बसला होता, आणि नरसिंह नखं घेऊन आला.

कोल्ड आयर्नचं जादूशी पटत नाही

बाकी धातू जादूबद्दल उदासीन आहेत, कोल्ड आयर्न मात्र नाही. लोखंडाला परी, भुतं घाबरतात ही लोककथांमधली जुनी समजूत, गेमने तिथूनच उचललंय: खोल जमिनीखालून काढलेलं, कमी तापमानावर घडवलेलं लोखंड, म्हणजे त्याचा मूळ गुण जात नाही. साध्या शस्त्राच्या दुप्पट किंमत, हे काहीच नाही. पण त्याच्यावर पहिल्यांदा जादू चढवताना २,००० नाणी जास्तीची लागतात. +१ ची जादू मुळातच २,००० ची असते, म्हणजे कोल्ड आयर्नवर +१ सरळ दुप्पट. ही दंडाची रक्कम एकदाच, पुढे +२, +३ करताना परत द्यावी लागत नाही. जादूचा खर्च प्लसच्या वर्गाने वाढतो, +२ ला ८,०००, +३ ला १८,०००, +५ ला ५०,०००, त्यामुळे पुढे जाता जाता ते २,००० कुठे गेले तेही कळत नाही. सुरुवातीच्या लेव्हलला मात्र दुखतं.

आणि चांदी-कोल्ड आयर्न एकत्र? ३.५ मध्ये जमत नाही, चांदी चढवायची प्रक्रिया ॲडमँटीन, मिथ्रल आणि कोल्ड आयर्न या धातूंवर चालतच नाही. सिल्व्हरशीन नावाची एक बाटली मिळते २५० नाण्यांना, पात्याला चोळली की तासभर ते चांदीचं समजलं जातं, पण त्या तासात मूळ धातूचा गुण गायब. कोल्ड आयर्नला चोळलीत तर कोल्ड आयर्न राहिलं नाही. प्लस आणि आग मात्र तशीच राहते, कारण लेप धातूच्या जागी येतो, मंत्राच्या जागी नाही. शस्त्र आणि अस्त्र वेगळं ठेवलंय म्हणजे काय ते या बाटलीवरून जेवढं कळतं तेवढं पानभर नियम वाचून कळत नाही.

गोल्फ बॅग, आणि पाथफाइंडरने काढलेली पळवाट

किल्ल्यांच्या जुडग्याचा तोटा असा की फायटर लोक गोल्फ बॅग घेऊन फिरायला लागले. हा शब्द खेळणाऱ्यांचाच आहे. पाठीवर एक चांदीची, एक कोल्ड आयर्नची, एक ॲडमँटीनची, राक्षस दिसला की कॅडीसारखं विचारायचं, साहेब कुठली देऊ. ज्या तलवारीचं नाव ठेवलं, जिच्यावर जीव लावला, ती अर्धा वेळ म्यानात.

२००९ च्या पाथफाइंडरने (३.५ वरूनच बेतलेला दुसरा गेम) म्हणून तडजोड केली. +३ चं शस्त्र चांदी आणि कोल्ड आयर्न दोन्हींच्या जागी चालतं, +४ ॲडमँटीनच्या जागी, +५ ला गुड-इव्हिल वगैरे पण. म्हणजे शिडी परत आली, फक्त मागच्या दाराने.

इथे तीन ठिकाणी लोक पडतात. पहिलं, प्लस खरा पाहिजे. +२ फ्लेमिंगची किंमत +३ एवढी असते म्हणून ती +३ होत नाही. त्याच १८,००० मध्ये तुम्ही निव्वळ +३ घेतली असती तर ती वेअरवुल्फला पूर्ण लागली असती, सरासरी साडेदहा, चांदीचा पत्ता नसताना. पाथफाइंडरमध्ये पेटत्या तलवारीचा मोह आवरा असं मी नव्या लोकांना सांगतो आणि कोणी ऐकत नाही, कारण पेटती तलवार पेटती तलवार असते.

दुसरं, ग्रेटर मॅजिक वेपन या मंत्राने तात्पुरता चढवलेला प्लस इथे धरत नाहीत. त्याने फक्त मॅजिकचं कुलूप उघडतं, तो +४ चा असला तरी.

तिसरं ॲडमँटीनचं, आणि ते मला सगळ्यात आवडतं. ॲडमँटीनला दोन गुण आहेत. एक डीआरची किल्ली. दुसरा, वस्तू तोडताना २० पेक्षा कमी हार्डनेस तो धरतच नाही. हार्डनेस म्हणजे निर्जीव वस्तूचा डीआर समजा, लाकडी दाराचा ५, दगडाचा ८, लोखंडी दाराचा १०. +४ ची साधी तलवार पहिला गुण उसना घेते, दुसरा नाही. गोलेमला (जादूने चालणारा पुतळा) ती ॲडमँटीनसारखी लागेल आणि लोखंडी दारावर मात्र साध्या पोलादासारखी खणखणत बसेल. ॲडमँटीनच्या शस्त्रासाठी ३,००० जास्तीचे जातात ते या दारासाठी.

आता उलटी बाजू बघा. जादूने शस्त्राचा हार्डनेसही वाढतो, प्रत्येक प्लसला २. पोलादी तलवारीचा १०, म्हणून +५ तलवारीचा झाला २०. शत्रू ॲडमँटीनची कुऱ्हाड घेऊन तुमची तलवार तोडायला आला तर +४ पर्यंत (म्हणजे १८) तो हार्डनेस शून्य धरतो, आणि +५ ला अचानक पूर्ण वीस धरावा लागतो, कारण नियम वीसपेक्षा कमी असा आहे. एका प्लसचा फरक, इकडचं जग तिकडे.

धनुष्य जादूचं, बाण चांदीचे: कोणाचं काय धरायचं?

सोपंय. धातू बाणाचा धरायचा, कारण अंगात घुसतो तो बाण. धनुष्य कुठल्याही लाकडाचं असो, राक्षसाला त्याच्याशी घेणं नाही. जादू मात्र धनुष्यातून बाणात उतरते. +१ धनुष्यातून सोडलेला साधा बाण डीआरपुरता जादूचा समजतात. धनुष्य पण +१ आणि बाण पण +१ असेल तर बेरीज होत नाही, जो मोठा तोच धरायचा.

म्हणजे व्हॅम्पायरचा प्रश्न तिरंदाजाला सगळ्यात स्वस्तात सुटतो. +१ धनुष्य त्याच्याकडे बहुधा असतंच, चांदीचे बाण दर बाणाला फक्त २ नाणी जास्त. सिल्व्हर धातूतून आलं, मॅजिक धनुष्यातून आलं, अँड पूर्ण झालं. तलवारवाल्यांनी जळू नये.

पण फ्लेमिंग तलवारीत चांदी वितळणार नाही का?

विज्ञानाचे विद्यार्थी हा प्रश्न विचारतातच. चांदी वितळते साधारण ९६२ अंश सेल्सिअसला, पोलाद त्याच्या बरंच वर, त्यामुळे प्रश्न अगदीच वेडा नाही. पण ती आग धरणाऱ्याचा हात भाजत नाही, मूठ जाळत नाही, आणि शत्रूला लागली तरी सहा बाजूंच्या एका फाशाएवढंच भाजते. चूल पेटवायला पण पुरेल की नाही शंका आहे. नियमात चांदीवर काही परिणाम दिलेला नाही, म्हणून होत नाही.

याचाच भाऊ असलेला दुसरा प्रश्न: जादूचं आवरण मध्ये आलं तर धातू अंगाला लागतोच कुठे? आवरण नाहीच मुळी. प्लस म्हणजे पात्यावरचा रंगाचा थर नव्हे, पात्याला आलेली धार समजा. धार लावली म्हणून धातू झाकला जात नाही.

पाचव्या एडिशनवाल्यांनी इथून पुढे वाचा

डी अँड डीच्या २०१४ च्या पाचव्या एडिशनने हा सगळा हिशोबच बाजूला ठेवला. तिथे वेअरवुल्फला शस्त्राचा मार लागतच नाही, फक्त शस्त्र जादूचं किंवा चांदीचं असेल तर लागतो. किंवा. कुठलाही +१ मिळाला की चांदीचं काम संपलं. शस्त्रावर चांदी चढवायला १०० नाणी, ती पण पहिली जादूची तलवार मिळेपर्यंतच कामाची, आणि डीएम लोक साधारण तिसऱ्या-चौथ्या लेव्हलला ती देऊन टाकतात. ॲडमँटीनचं शस्त्र वस्तूवर लागलं की क्रिटिकल (मारासाठी दुप्पट फासे), तेवढं वेगळेपण त्याने राखलं. २०२५ च्या नव्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये तर बिनजादूच्या शस्त्रांना विरोध ही गोष्टच काढून टाकली. खेळायला सुटसुटीत झालं, मान्य, पण गावात वेअरवुल्फ आहे कळल्यावर आख्खी पार्टी घरातले चमचे वितळवायला धावते ती मजा गेली.

नेटहॅक हा १९८७ पासूनचा संगणकावरचा गेम याच्या बरोबर दुसऱ्या टोकाला आहे. चांदी ज्यांना सहन होत नाही त्यांना चांदीच्या शस्त्राने वीस बाजूंचा जास्तीचा फासा, आणि शस्त्राचा प्लस त्याच्याशी संबंध न ठेवता वेगळा. म्हातारा गेम आहे, पण हिशोब स्वच्छ.

रून म्हणजे सिम कार्ड

पाथफाइंडरची दुसरी एडिशन (२०१९) मला सगळ्यात पटते. तिथे जादू रूनमध्ये असते, रून पात्यावर कोरतात, आणि हवं तर एका शस्त्रावरून दुसऱ्यावर हलवता येतो, रूनच्या किमतीच्या दहा टक्के देऊन आणि किमान एक दिवस घालवून. रून सिम, धातू हँडसेट. जुनी तलवार आवडेनाशी झाली, सिम काढा, चांदीच्या तलवारीत घाला, नंबर तोच.

पण हँडसेटला सिम झेपलं पाहिजे. चांदी, कोल्ड आयर्न असल्या धातूंच्या तिथे प्रती असतात. हलक्या प्रतीच्या शस्त्रावर ८ व्या लेव्हलपर्यंतचे रून, मधल्यावर १५ व्यापर्यंत, उंचीवर कुठलेही. स्वस्तातली चांदीची तलवार म्हणूनच पुढे अडते, सिम नवं आणि फोन जुना. ओरिकॅल्कम नावाचा धातू आहे, तो फक्त उंची प्रतीतच मिळतो, त्याच्यावर खास गुणांचे तीनऐवजी चार रून बसतात. इथे पहिल्यांदा धातू स्वतः जादूला जागा करून देतो.

राक्षसाची बाजूही बरेचदा उलटी केली आहे. अडवण्याऐवजी कमजोरी. चांदी ५ अशी कमजोरी लिहिली असेल तर चांदीच्या प्रत्येक वाराला पाच जास्त. साधी तलवार पण लागते, चांदीची जास्त लागते. १८,००० ची तलवार घेऊन शून्य ऐकायची वेळ सहसा येत नाही.

आमच्या फायटरचं पुढे काय झालं सांगायचं राहिलं. त्याने वेअरवुल्फ मेल्यावर डीएमला विचारलं की याच तलवारीवर आता चांदी चढवता येईल का. पुस्तकात चढवायचा खर्च आहे, पण आधी भारलेल्या पात्यावर चढवताना काय, असा वाद परत निघाला, अजून वीस मिनिटं. शेवटी डीएम म्हणाला ९० नाणी आणि एक आठवडा, आणि त्या आठवड्यात तुझ्याकडे तलवार नाही. त्याने कॅरेक्टर शीटवर +२ फ्लेमिंगच्या शेजारी पेन्सिलने एक नवी चौकट काढली, वर लिहिलं धातू, आणि मग रोगला विचारलं, आठवडाभर तुझा खंजीर देतोस का.